उड्डाणपुलाखाली

रिक्षा उड्डाणपुलाखाली अडकली होती आणि पुढचा ट्रक तोंडावर काळा धूर सोडत होता. मागच्या सीटवर जुईचा दमा उसळला. पंप दोनदा ओढूनही तिला श्वास पुरेना. लेकीचे ओठ निळे पडलेले पाहून रंगनाथने आपली रिक्षा तिथेच सोडली, तिला उचललं आणि गाड्यांमधून वाट काढत तो चौकापलीकडच्या हॉस्पिटलकडे पळत सुटला.

नर्सने जुईला मास्क लावला. हळूहळू तिच्या ओठांवर रंग परतला, तेव्हा कुठे रंगनाथ भिंतीला टेकला. तो घामाने निथळत होता, डावा हात चोळत होता.

"पळालो ना, म्हणून होतंय," तो म्हणाला. जुईला तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ऐकलं नाही. त्याला झोपवून ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता.

त्याला घाईघाईने आत नेलं, तशी जुई रडू लागली. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"माझ्यामुळे पप्पांना पळावं लागलं," ती हुंदके देत म्हणाली.

त्या तिच्याजवळ बसल्या. "वर्षानुवर्षं रस्त्यावरचा धूर खाऊन त्यांचं हृदय आधीच थकलं होतं, बाळा. आता धोका टळलाय. तुझ्यामुळेच तर ते वेळेत इथे पोचले."