अर्धपोटी

साथीमुळे विद्यापीठाला टाळं लागलं, तशी संशोधक सुनेने प्रयोगाच्या माश्या बाटल्यांसकट घरी आणल्या. पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम अर्धपोटी ठेवलेल्या या माश्यांवरच तिची पीएचडी टांगलेली होती. सासूबाई उठता-बसता नाक मुरडायच्या आणि ही दातओठ खायची. त्यातच तिला लागण झाली, ती खोलीत अडकली.

"आई, बाटल्यांना हात लावू नका हं!" ती दाराआडून ओरडली.

"मी कशाला शिवतेय त्या घाणीला!"

माश्या नक्की केरात जाणार म्हणून ती आत नुसती चरफडत राहिली. बरी होऊन बाहेर आली, तर बाटल्या जागच्या जागी! तिला भरूनच आलं.


"अगं, किती रोडावल्या होत्या बिचाऱ्या," सासूबाई हळूच म्हणाल्या. "शेवटी राहवेना. रोज केळं कुस्करून घातलं, अगदी पोटभर."