चंपतराव वकिलांचं ग्रंथदान

धरमपेठेतल्या चंपतराव वकिलांनी कलासंग्रहालयाला तीनशे पुस्तकं दान दिली. थाटात सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल शामलाबाई नोंदी करायला बसल्या, तर चाळीस पुस्तकांवर संग्रहालयाचाच जुना शिक्का! हीच पुस्तकं चोरल्याचा आळ घेऊन साठ साली शिपाई धोंडबाला हाकललं होतं. कन्हानला हमाली करता करताच तो गेला. बाईंनी संग्रहालयाच्या मुख्य साहेबांना शिक्का दाखवला.

“खोडून टाका न बाई. एवढ्या मोठ्या माणसाची अब्रू जाईन.”

“धोंडबाची गेली, तेव्हा?”

साहेब हसले. “शिपायाले कुठची आली अब्रू?”

बाई जागेवर आल्या. ‘कोणाकडून मिळाले’ या रकान्यात त्यांनी चाळीसही पुस्तकांपुढे ठसठशीत लिहिलं, ‘चोराने स्वतः आणून दिले’, आणि नोंदवही साहेबांच्या सहीला पाठवली.