मनातली लाथ

तायक्वांदोच्या अंतिम सामन्यात यामिनी दोन गुणांनी मागे होती. मॅटवर ती आणि तिच्याहून बरीच लहान रेणुका, दोघीही पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. लाथ मारायचं मनात पक्कं झालं की हेल्मेट ते टिपायचं. समोरचीने मनातच ती चुकवली नाही, तर फलकावर गुण चढायचे, छातीला दोन, डोक्याला तीन. दुखापती नकोत म्हणून हा नियम आला, आणि तेव्हापासून सामना संपला की यामिनीचं डोकं भणभणायचं. पायांना मात्र घामाचा थेंब नसायचा.

"विचार कर गं, विचार कर!" मॅटबाहेरून तिचे प्रशिक्षक इनामदार सर ओरडले.

तिला विचारांचाच वीट आला होता. ती गर्रकन फिरली, आणि तिची टाच रेणुकाच्या डोक्याच्या वीतभर वरून सूं करत गेली.

पाय उचलला म्हणून पंचांनी दंड दिला. सामना गेला.

निरोपाला वाकताना रेणुकाने हळूच विचारलं, "ताई, लाथ अशी असते होय?"

"हं," यामिनी म्हणाली आणि लंगडत बाकावर जाऊन बसली. मांडी चांगलीच ठणकत होती. ती पुन्हा पुन्हा तिथेच दाबून बघत राहिली.