तुलनेची शाळा

"वर्गातली मुलं मला मदत करतात," पाहणीसाठी बेटावर आलेल्या प्यो मॅडमनी वाचलं. "कधीच नाही ते नेहमी, अशा पाच चौकटी आहेत. एकीत खूण कर."

दानबीने पेन्सिल ओठाला लावली. "वर्गातली मुलं म्हणजे कोण?"

वर्गात ती एकटीच होती. मार्चमध्ये पहिली प्रश्नावली भरली तेव्हा तिघं होती. उन्हाळ्यात ह्योजूच्या घरचे बोटी विकून मोक्पो शहरात गेले, पाठोपाठ तेओचेही. आता डिसेंबर होता, आणि बेटावरच्या चौथीत एक मूल उरलं होतं.

"तुला जे वाटतं त्यावर खूण कर. बरोबर-चूक काही नसतं," प्यो मॅडम म्हणाल्या.

"मागच्या वेळीही तुम्ही अगदी हेच म्हणाला होतात."

म्हणाल्या होत्याच. चोवीस शाळांत, प्रत्येक मुलाला, त्याच शब्दांत. एक शब्द जास्त बोललं की उत्तरं कलतात. सूचनांचा हा कागद त्यांनी स्वतःच लिहिला होता.

"तेओ फोनवर भागाकार सांगायचा," दानबी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "आता उचलत नाही. क्लासला असतो." तिने 'कधीकधी'वर खूण केली. मग ती खोडली, कागदावरचा चुरा फुंकला आणि पुन्हा तिथेच केली.

चाळीस प्रश्न संपले. तिने कागद दोन्ही हातांनी पुढे केला. "माझा कागद मोजणार ना?"

वर्गात तीनपेक्षा कमी मुलं असली तर तो वर्ग हिशेबातून वगळायचा. हा नियमही प्यो मॅडमचाच.

"तुझी उत्तरं आमच्यासाठी महत्त्वाची आहेत," त्या म्हणाल्या. सूचनांच्या कागदावरचं हे शेवटचं वाक्य. कागद पाकिटात गेला. पाकिटावर 'गळती' असं लिहिलेलं होतं. त्यांनी पाकीट पालथं धरलं.

दानबीचे शिक्षक गुक सर रताळी घेऊन आले. शेगडीवर भाजलेली, सालं काळी झालेली. "घ्या मॅडम. हजेरी शंभर टक्के आहे बघा आमची. जिल्ह्यात पहिला नंबर."

"सर, मी शिंकले तरी तुम्हाला लगेच कळतं," दानबी म्हणाली. "कोण शिंकलं हेसुद्धा विचारावं लागत नाही."

सर हसले. मग दानबी उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, भाषणाला उभं राहतात तशी.

"मॅडम, आता आमची पाळी ना?"

मार्चमध्ये चिठ्ठ्या टाकल्या होत्या. बारा शाळांना जोडीवाचन मिळालं: दोन मुलं, एकसारखी दोन पुस्तकं, एकाने एक पान मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पुढचं. उरलेल्या बारा शाळा तुलनेसाठी. तिथे वर्षभर काहीच द्यायचं नाही. पण त्यांच्यावर अन्याय नको, म्हणून शेवटची प्रश्नावली भरून झाली की त्यांनाही पुस्तकं मिळतील, असा शब्द दिला होता. तो शब्द दानबीने नऊ महिने जपून ठेवला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेभोवती लाल गोल होता.

"हो," प्यो मॅडम म्हणाल्या. "तुमची पाळी."

पुस्तकांचं खोकं त्यांनी धक्क्यावरून स्वतः ओढत आणलं होतं. ते पाठवायचं ठरलं तेव्हा यादीत तीन नावं होती, आणि यादी कोणी बदलली नव्हती.

"मी बसतो की तिच्याबरोबर," गुक सर हळूच म्हणाले. "जोडीवाचनाची पुस्तिका वाचली. जोडीदार त्याच वर्गातला हवा म्हणे?"

"हवा," प्यो मॅडम म्हणाल्या. "मोठं माणूस बसलं की मूल परीक्षा दिल्यासारखं वाचतं." एवढं बोलल्यावर त्यांना आपल्याच आवाजाचा कंटाळा आला. "पण आता कसली मोजणी, सर. बसा तुम्ही."

"नको," दानबी म्हणाली. खोक्याची चिकटपट्टी ती दातांनी सोडवत होती. "सर मध्येमध्ये अर्थ सांगतात."

सव्वातीनची बोट धक्क्याला लागल्याचा भोंगा झाला. ही गेली की उद्याच. प्यो मॅडमनी पिशवी खांद्याला लावली, बूट घालायला व्हरांड्यात बसल्या. एका बुटाची नाडी झाली, दुसऱ्याची होईना.

दार उघडंच होतं. दानबीने एक पुस्तक आपल्यासमोर ठेवलं. दुसरं बाकाच्या पलीकडच्या बाजूला, तिकडे बसणाऱ्याला सरळ दिसेल असं, आणि तिकडे एक खुर्ची ओढली. पहिलं पान तिने मोठ्याने वाचलं, स्वल्पविराम पाळत, छान वाचलं. मग ती थांबली.

समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तिने वाट पाहिली.

"घाई नाहीये," दानबी म्हणाली. "सावकाश वाच."