पडद्याशेजारी

दोंडाईच्यात विशाखाच्या शाळेला कॉम्प्युटर मिळाला. चपला दाराबाहेर काढून मीही लेकीमागे आत शिरले. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बोलणाऱ्याचे ओठ पाहूनच ती शिकते. पडद्यावर धडा सुरू झाला. झाड होतं, मुळं होती, पाणी वर चढत होतं. बोलणारी बाई मात्र कुठेच नव्हती, नुसता आवाज. विशाखा पडदाभर ओठ शोधत राहिली. मला राहवेना. पडद्याशेजारी उभी राहून ऐकलेलं एकेक वाक्य मी तिच्यासाठी आवाजाशिवाय बोलू लागले. तिनं ‘पाणी’ ओळखलं. “ताई, बाजूला व्हा, पोरांना दिसत नाही,” सर म्हणाले. मागून एक मुलगी खिदळली, “देख ना, विशाखानी माय कशी तोंड हलाई ऱ्हायनी!” वर्ग हसला. ते लेकीला दिसलं. मी थांबले नाही. विशाखानं मान खाली घातली आणि पुन्हा माझ्या ओठांकडे पाहिलंच नाही.