पिवळ्या गोळ्यांचा सत्कार

कुडाळच्या दवाखान्यात डॉक्टर आग्नेलांनी परीक्षानळी ज्योतीवर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग विटेसारखं लाल. गंगाराम खुर्चीवरून उठला, बसला, परत उठला.

"म्हणजे साखरेचो रोग," तो म्हणाला. "माझ्या बायलेक. सव्विसाव्या वर्सा."

"लघवीत साखर आहे. रक्तही तपासून आलंय, त्यात जास्त नाही. हा मधुमेह नव्हे."

"रक्तात जास्त नाय ती साखर मुतात येता खंयसून?"

आत बाकावर त्याची बायको विमला पडली होती. महिन्यापूर्वी ही बाई डोक्यावर नारळांची पाटी घेऊन खाडी ओलांडायची. आता तांब्या उचलताना हात लटपटत होता. तहान थांबत नव्हती, पोटात काही राहत नव्हतं. बसल्या जागी धाप लागत होती.

डॉक्टरांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. "रापणीचं जाळं ओढलं की वाळूवर काय येतं?"

"सगळांच येता. मासे, कुर्ल्यो, शेवाळ, कचरो."

"मग?"

"बायका बसान निवडतत. बरां तां पाटयेत. रवलां तां दर्यात."

"मूत्रपिंडात तेच चालतं. रक्त गाळून सगळं आधी बारीक नळ्यांत उतरतं. साखर, क्षार, घाण, सगळं. नळीच्या पहिल्या वळणावर निवडणारे बसलेले असतात. ते चांगलं उचलून परत रक्तात टाकतात. तुझ्या बायकोचे निवडणारे आंधळे झालेत. कचऱ्याबरोबर चांगलंही वाहून चाललंय. त्यांचे डोळे कशाने तरी फुटलेत. काय दिलंस तिला?"

"बरांच दिलंय." गंगारामने खिशातून बाटली काढली. आवाजात थोडा रुबाब आला. "टेट्रासायक्लीन. चतुर्थीक मुंबैच्या मंडळातर्फे अख्खी पेटी आणलंय. गावभर वाटलंय. ताप इलो तेव्हा हिका सगळ्यांपेक्षा जास्त दिलंय."

डॉक्टरांनी कॅप्सूल उघडली. आतली पिवळी पूड तपकिरी झाली होती, गुळासारखी चिकटली होती. त्यांनी बाटली उजेडात फिरवली. लेबलावर एका जागी कागद चोळल्यासारखा पांढरा होता.

"ही जुनी झाली की विष होते. परवाच वाचलंय मी. इथली तारीख कुणी पुसली?"

मुंबईच्या औषधगोदामात गंगाराम अकरा वर्षं होता. मुदत संपलेला माल जाळायला निघाला, तेव्हा त्याचा जीव तुटला. इकडे माणसं तापाने मरतात आणि तिकडे औषध जाळतात! जुनं औषध फार तर काम करणार नाही, मारणार थोडंच, असं गोदामातले सगळेच म्हणायचे. आणि मुंबईला नको ते कोकणाला चालतंच. जुने कपडे चालतात, जुने कंदील चालतात, तिकडे नकोसे झालेले मास्तर चालतात. मग जुन्या गोळ्या का चालू नयेत?

"आता थांबवलं तर ही वाचेल," डॉक्टर म्हणाले. "नळ्या सावरतात. पण आजच्या आज थांबवलं तर. गावात किती जणांकडे आहेत?"

गंगाराम तिथून पळतच सुटला.

चार वाजता गावात देवळासमोरच्या मांडवात त्याचा सत्कार होता. पेटीबद्दलच. तो घामाघूम होऊन पोचला तोवर शाल तयार होती. त्याने ती अंगावर पडू दिली नाही.

"मी आणलेल्यो गोळयो कोणी खाव नको. सगळ्यो परत देवा. इख झाला तेंचा."

लोक हसले. मग हसायचे थांबले. घराघरात त्या बाटल्या चुलीवरच्या फळीवर होत्या, ओल लागू नये म्हणून. ज्याच्यावर जीव जास्त त्यालाच मिळायच्या. अशी वस्तू परत कोण देतो?

काशीबाई उठली. गावात तिच्या तोंडाला तोंड देणारं कोणी नव्हतं. "तुझ्या बायलेक कुडाळचो डॉक्टर गावलो. आता आमच्यो गोळयो परत मागतंस? इख आसा तर तुका कित्याक व्हयां रे? मुंबैक न्हेवन इकतलंस?"

"तसां नाय गो काकी..."

"मग कसां?"

गंगारामच्या जिभेवर वाक्य तयार होतं. औषधकंपनीने फसवलं. कोणीही मान डोलावली असती. शालही राहिली असती आणि गोळ्याही फळीवर राहिल्या असत्या. नाव राखायला माणूस काहीही बोलतो, हे मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नाव घालवायला कोणी खोटं बोलत नाही.

"तारीख मीच पुसलंय," तो ओरडला. "जाळूक काढलेलो माल. मीच उचललंय, मीच स्पिरिट लावन पुसलंय. माका ठावक होतां."

मग एकेक जण उठून घराकडे गेला. बाटल्या येऊ लागल्या. कोणी पायाशी ठेवली, कोणी छातीवर फेकून मारली. काशीबाई थुंकली आणि तिने आपली बाटली त्यावरच आपटली. गंगाराम खाली बसून गोळा करत होता. मोजत होता. चाळीस वाटल्या होत्या. एकोणचाळीस आल्या, निम्म्याअधिक भरलेल्या. दिवसभरात पहिल्यांदा त्याला सुटल्यासारखं वाटलं. एवढे तरी वाचले.

सगळ्यांच्या मागून सुभद्रा आली. खालच्या वाडीतली, मुलीला एकटीने वाढवलेली विधवा. तिने बाटली त्याच्या हातात दिली. रिकामी होती. आतून धुतलेली.

"माझ्या चेडवान एक पण चुकवक नाय," ती म्हणाली. "गंगादादान दिलेली म्हणान शेवटची सुद्धा खाल्ल्यान. परवा तू तिच्या बाराव्याक जेवन गेलस ना रे?"