गंजलेला अंगठा

कारखान्यात मला सगळे 'पाणपोई' म्हणतात, कारण माझे तळहात बाराही महिने गळत असतात. औषधं झाली, पावडरी झाल्या. माझं काम मापाचे पोलादी ठोकळे केसभरही न चुकता बनवायचं; हातमोजे घातले की बोटांना माप कळत नाही. आज साहेबांनी गिऱ्हाइकाकडून परत आलेला पोलादी ठोकळा माझ्यासमोर ठेवला. त्याच्या चकचकीत पाठीवर घामानं गंजलेला अख्खा अंगठा उमटला होता, रेघन्‌रेघ. "कुणाचा, ते विचारत नाही," साहेब म्हणाले. "मी घासून देतो, साहेब." "घासलास की माप गेलं, हे तुला मी सांगायचं? तुझ्यासारखा हात इथं कुणाचा नाही रे. पण आता पॅकिंगला जा. तिथं गंजण्यासारखं काही नसतं." पॅकिंगच्या बाईंनी हसून माझ्याकडे कोरं खोकं सरकवलं. हात पँटला दोनदा पुसून मी ते थप्पीवर ढकललं. त्यावर दोन ओले पंजे उमटले. बाईंनी ती बाजू भिंतीकडे वळवली.